कोलफॅक्स आणि ब्रॉडवेच्या चौकात

५ जुलै १९७८, बुधवार. आदल्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होऊन गेला होता आणि डेन्व्हर शहर सुट्टीनंतर पुन्हा कामाला लागले होते. कोलफॅक्स अव्हेन्यू आणि ब्रॉडवे हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजे या शहराचे नाक. एका अंगाला कोलोरॅडो राज्याच्या विधिमंडळाची सोनेरी घुमटाची इमारत, दुसऱ्या अंगाला सिव्हिक सेंटरची बाग, आणि शहराच्या चारी दिशांना जाणाऱ्या बसगाड्यांची दिवसभर ये-जा. त्या सकाळी थांब्यावर येऊन उभ्या राहिलेल्या एका बसच्या तोंडाशी व्हीलचेअरवरची काही माणसे गेली आणि तिथेच थांबली. आणखी काही मागच्या बाजूला जाऊन थांबली. बस पुढे जाईना, मागेही सरकेना. मग दुसऱ्या बसचीही तीच गत झाली.

ही १९ माणसे होती. बरोबर त्यांचे काही मदतनीस. घोषणा साधी होती : आम्हीही बसने जाणार! ती देत ही माणसे दिवसभर त्या डांबरी रस्त्यावर बसून राहिली आणि रात्रीही तिथून हलली नाहीत. काहींनी खुर्चीतून उतरून रस्त्यावरच अंग टाकले. ६ जुलैची सकाळ उजाडली तेव्हाही बसगाड्या जागच्या जागीच होत्या.

आपल्याकडे याला रास्ता रोको म्हणतात. आठवड्यातून एखादा तरी कुठेतरी होतो आणि वाहतूक कधी सुटेल एवढेच आपण विचारतो. डेन्व्हरच्या पोलिसांपुढचा पेच मात्र निराळा होता. ज्यांना उचलायचे त्यांना उचलायचे कसे? खुर्चीतून वेगळे केले तर माणूस रस्त्यावर पडणार, खुर्चीसकट न्यावे तर पोलिसांच्या गाडीलाही पायऱ्याच. ज्या अडचणीमुळे ही माणसे बसमध्ये चढू शकत नव्हती, त्याच अडचणीमुळे त्यांना तुरुंगात नेणेही जड जात होते.

ही १९ माणसे आली कुठून, हे समजल्याशिवाय त्या चौकातल्या रात्रीचा अर्थ लागत नाही.

डेन्व्हरला लागून लेकवूड नावाचे गाव आहे. तिथे ‘हेरिटेज हाउस’ हे नर्सिंग होम होते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचा छोटा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा. ज्यांची देखभाल घरी होत नाही अशा म्हाताऱ्या, पंगू, आजारी माणसांनी उरलेले आयुष्य काढायची ती जागा. हेरिटेज हाउसमध्ये तरुण अपंगांचा एक वेगळा विभाग होता. विशीतली मुले-मुली, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाचे स्नायू झिजत चाललेले, कुणी अपघातात मणका मोडलेले. उठायचे कधी, जेवायचे कधी, झोपायचे कधी, सगळे कर्मचाऱ्यांच्या पाळीवर ठरायचे. यांतल्या पुष्कळांना डॉक्टरांची गरजही नव्हती. अंघोळीला, कपडे घालायला, खुर्चीत बसायला कुणीतरी हात लावला की पुढचे त्यांचे ते बघून घेऊ शकत होते. पण तो हात सरकारी पैशाने मिळायचा तो फक्त त्या इमारतीत.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेड ब्लँक नावाचा माणूस तिथे नोकरीला लागला. लांब केस, गोल भिंगांचा चष्मा. पेशाने प्रेस्बिटेरियन पंथाचा पाद्री, पण चर्चमध्ये फारसा न रमलेला. काळ्या लोकांच्या मतदानहक्कासाठी सेल्मा गावात निघालेल्या मोर्च्यात तो होता, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीतही होता. स्वतः धडधाकट. त्याने या तरुणांच्या विभागात आधी किरकोळ वाटतील असे बदल केले. खोलीत स्टिरिओ ठेवू द्या, प्राणी पाळू द्या, रॉक संगीताच्या मैफलींना घेऊन जाऊ द्या. काही दिवस हे चालले. मग त्याच्या ध्यानात आले की मैफलीहून परतल्यावर मुलांना त्याच खाटेवर परत टाकायचे असेल तर या बदलांना फारसा अर्थ नाही. यांना बाहेर भाड्याच्या घरात राहू द्या, मदतनीस तिथे जातील, असा प्रस्ताव त्याने मांडला. व्यवस्थापनाने तो फेटाळला आणि थोड्याच दिवसांत ब्लँकलाही काढून टाकले.

त्यानंतर जे घडले ते बसच्या लढ्याहूनही मोलाचे, असे माझे मत. त्या विभागातली १८ माणसे एकेक करून बाहेर पडली आणि १९७५ च्या सुमारास सरकारी वसाहतीतल्या साध्या घरांमध्ये राहू लागली. या मंडळींनी आपल्या संस्थेचे नाव ठेवले अटलांटिस : दंतकथेतली समुद्राच्या तळाशी गेलेली, जगाच्या विस्मरणात गेलेली भूमी. मदतनिसांचा पगार कसा भागवायचा, रात्री कुणाला काही झाले तर कोण धावेल, याची रोजची ओढाताण होती. तरी दाराची किल्ली आता त्यांच्या खिशात होती.

दार उघडून बाहेर आल्यावर मात्र रस्त्याच्या कडेला सगळे अडायचे. डेन्व्हर हे पसरलेले शहर. मोटारीशिवाय तिथे जगणे अवघड; आणि यांच्यापैकी बहुतेकांना मोटार चालवता येत नव्हती, घेण्याइतके पैसेही नव्हते. उरली बस. त्या काळातल्या बसची जमीन रस्त्यापासून जवळजवळ कमरेएवढ्या उंचीवर. दार अरुंद, त्यात लागोपाठच्या उभ्या पायऱ्या. गावाकडच्या बसची पहिली पायरी ज्यांनी आजीला दोन्ही काखांत हात घालून चढायला लावली आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. आजी निदान पाय उचलते. इथे पाय उचलायचा प्रश्नच नव्हता.

कायदा नव्हता असे नाही. गंमत हीच आहे की कायदे भरपूर होते. १९७० मध्येच अमेरिकी संसदेने शहर वाहतुकीच्या कायद्यात कलम घातले होते की म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना सार्वजनिक वाहतूक वापरायचा इतरांइतकाच हक्क आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाने सांगितले की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगत्वावरून कुणाला वगळता येणार नाही. शहरांच्या बससेवा केंद्राच्या पैशावरच नव्या गाड्या घेत होत्या. पण कलम राबवायचे तर नियम हवेत, आणि नियमांवर सही व्हायला चार वर्षे गेली. तीही आपसूक झाली नाही. एप्रिल १९७७ मध्ये देशभरच्या अपंगांनी सरकारी कचेऱ्यांमध्ये ठिय्या दिला. डेन्व्हरमध्येही दिला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर ज्युडी ह्यूमन आणि तिचे सहकारी सुमारे २५ दिवस इमारत सोडायला तयार नव्हते. तेव्हा कुठे २८ एप्रिलला सही झाली. ते नियमही आरोग्य-शिक्षण खात्यापुरते. वाहतूक खात्याचे नियम आणखी दोन वर्षांनी, १९७९ मध्ये आले.

दरम्यान बसच्या रचनेचाही एक प्रयोग चालू होता. ‘ट्रान्सबस’ असे त्याचे नाव. सरकारने पैसे देऊन तीन कारखान्यांकडून नमुन्याच्या गाड्या बनवून घेतल्या : खाली उतरलेली जमीन, रुंद दार, दारातून बाहेर येणारी उतरती फळी. १९७७ मध्ये वाहतूकमंत्री ब्रॉक ॲडम्स यांनी जाहीर केले की सप्टेंबर १९७९ नंतर केंद्राच्या पैशाने घ्यायच्या सगळ्या बसगाड्या याच धाटणीच्या असतील. लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया आणि मायामी या शहरांनी मिळून मोठी निविदा काढली. मे १९७९ मध्ये ती उघडायची वेळ आली तेव्हा एकाही कारखान्याचे पाकीट आलेले नव्हते. एवढी खाली जमीन, त्याला लागणारे आस आणि टायर, नव्याने उभे करावे लागणारे साचे... कारखानदारांना त्यात नफा दिसेना. ट्रान्सबस तिथेच संपली. बहुतेक अपंग प्रवाशांना ती कधी पाहायलाही मिळाली नाही.

डेन्व्हरची बससेवा चालवणाऱ्या ‘रिजनल ट्रान्सपोर्टेशन डिस्ट्रिक्ट’ने, म्हणजे आरटीडीने, याच काळात दोनशेहून अधिक नव्या बसगाड्यांची मागणी नोंदवली. लिफ्टशिवाय. अटलांटिसच्या लोकांना इथे धोक्याची घंटा ऐकू आली, कारण त्यांनी साधा हिशेब मांडला. बस एकदा घेतली की ती १२ वर्षे तरी रस्त्यावर राहते. म्हणजे आज ज्या पायऱ्या विकत घेतल्या त्या १९९० पर्यंत दारात राहणार. पुढची आश्वासने कितीही गोड असोत, आजची खरेदी हाच खरा निर्णय. ते न्यायालयात गेले. न्यायाधीश होते रिचर्ड मॅच. हेच पुढे ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यामुळे देशभर ठाऊक झाले. मॅच यांच्या न्यायालयाने खरेदी थांबवायला नकार दिला.

कलम होते, नियम येऊ घातले होते, नमुना तयार होता, न्यायालयाचे दारही ठोठावून झाले होते. म्हणून ५ जुलैचा चौक.

त्या १९ जणांची नावे आज त्याच चौकातल्या फलकावर आहेत : लिंडा चॅपमन, कॅरोलिन फिनेल, लॅरी रुइझ, बॉबी सिम्पसन, मेल कॉनरार्डी आणि बाकीचे. अमेरिकेच्या चळवळीच्या इतिहासात त्यांना ‘गँग ऑफ नाइन्टीन’ म्हणतात. त्यांतले कितीतरी जण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत कर्मचाऱ्याने दिवा घालवला की झोपणारे होते. त्यांनी शहराची वाहतूक एक दिवस आणि एक रात्र अडवून धरली.

त्या एका रात्रीने सगळे मिळाले असे सांगणारी वर्णने वाचायला मिळतात. ती खरी नाहीत. आरटीडी नमली, लिफ्ट बसवायच्या योजना आखल्या गेल्या, पण पाठोपाठ वारे फिरले. १९७९ च्या केंद्रीय नियमांनी ठरवले होते की दहा वर्षांत गर्दीच्या वेळी धावणाऱ्या निदान निम्म्या बस व्हीलचेअर चढेल अशा असाव्यात. देशभरच्या बससेवांची संघटना, अमेरिकन पब्लिक ट्रान्झिट असोसिएशन, याविरुद्ध न्यायालयात गेली आणि १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जिंकली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : ५०४ वे कलम भेदभाव करू नका म्हणते, एवढा मोठा खर्च करा असे म्हणत नाही. रोनाल्ड रेगन यांचे सरकार नुकतेच आले होते. त्याने ‘आपापल्या शहराने आपले ठरवावे’ असे धोरण लावले. ते कानावर पडताच डेन्व्हरमध्येही पुन्हा लिफ्टशिवायच्या गाड्यांची भाषा सुरू झाली. अटलांटिसची माणसे आता आरटीडीच्या कचेरीत ठिय्या देऊन बसू लागली. पुन्हा बोलणी, पुन्हा धरणे. अखेर १९८० च्या दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आरटीडीने पक्के केले की यापुढे येणारी प्रत्येक नवी बस लिफ्टसह येईल.

बससेवांची बाजू काय होती, हेही नीट पाहायला हवे. ते काही खलनायक नव्हते. त्यांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. लिफ्टवाल्या बस घेतल्या तरी दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक चढतात. लिफ्टच्या खर्चाला त्या लोकांच्या फेऱ्यांच्या संख्येने भागले की एका फेरीचा आकडा डोळे पांढरे करणारा येतो. त्यापेक्षा फोन केला की घरी येणारी छोटी गाडी द्यावी, स्वस्तही पडेल आणि त्या बिचाऱ्यांची सोयही होईल. ऐकायला हे किती समंजस वाटते! पण मार्गावरच्या दहा बसपैकी तीनांनाच लिफ्ट असेल तर नोकरीवर जाणारा माणूस त्या तीनांच्या भरवशावर घराबाहेर पडेल का? तो पडत नाही. मग त्याच्या न येण्यालाच पुरावा म्हणून पुढे करायचे. आणि घरी येणाऱ्या गाडीचे म्हणाल, तर ती आदल्या दिवशी सांगावी लागे, जागा असेल तर मिळे, दवाखान्याच्या कामाला प्राधान्य असे. मित्राकडे जायचे, सिनेमाला जायचे, चिडून घरातून निघून जायचे, यासाठी आदल्या दिवशी कुणी फोन करत नाही. अटलांटिसवाल्यांना हा मुद्दा आतून कळला होता, कारण सोयीच्या नावाखाली वेगळे ठेवले जाणे म्हणजे काय, ते हेरिटेज हाउसमध्ये भोगून आले होते.

लिफ्ट आली तरी ती चालायला हवी, हा आणखी एक अध्याय. त्या काळातली लिफ्ट अशी चाले : चालक खटका दाबतो, दारातल्या पायऱ्या सपाट होऊन त्यांची एक लोखंडी फळी बनते, फळी करकरत रस्त्याला टेकते. खुर्ची तिच्यावर घ्यायची. पुढच्या कडेला एक पट्टी उभी राहते, खुर्ची घसरू नये म्हणून. मग फळी हळूहळू वर. सगळे सुरळीत झाले तर काही मिनिटांचे काम. पण डेन्व्हरला हिवाळ्यात बर्फ पडते, रस्त्यावर मीठ टाकतात. त्या खाऱ्या चिखलात सांधे गंजत, तारा सुटत. चालकांना धड शिकवलेले नसे. वेळापत्रक चुकायची भीती तर कायमचीच. खुर्चीतला माणूस थांब्यावर दिसला की लिफ्ट बिघडली आहे असे हाताने खुणावून बस तशीच निघून जाई. रोज न वापरलेले यंत्र लवकर बिघडते आणि बिघडलेले यंत्र कुणी वापरत नाही, हे त्या चळवळीतल्या लोकांना पुढे वर्षानुवर्षे सांगत बसावे लागले.

१९८३ मध्ये डेन्व्हरच्या या मंडळींनी देशव्यापी संघटना काढली. नाव होते ‘अमेरिकन डिसेबल्ड फॉर ॲक्सेसिबल पब्लिक ट्रान्झिट’, आद्याक्षरांनी ‘अडॅप्ट’. ब्लँकबरोबर आता माइक ऑबर्गर हा पुढारी होता. तरुणपणी बर्फावरच्या बॉबस्लेड शर्यतीच्या अपघातात त्याची मान मोडली होती. लांब वेण्या, विजेवर चालणारी खुर्ची. अडॅप्टने डाव ठरवला तो असा की बससेवांच्या संघटनेचे अधिवेशन ज्या शहरात भरेल तिथे आपणही जायचे. त्याच वर्षी ते डेन्व्हरमध्येच भरले. मग वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, डेट्रॉइट, सॅन फ्रान्सिस्को, मॉन्ट्रिऑल. हॉटेलांची दारे अडवायची, बसपुढे खुर्च्या लावायच्या, आणि कधीकधी खुर्ची फुटपाथवर ठेवून, हातात भाड्याची नाणी धरून, पायऱ्यांवरून पोटाने सरपटत बसमध्ये चढायचे. चालक काय करणार? प्रवासी भाडे देतो आहे. काही शहरांत अटक केलेल्यांना न्यायला पोलिसांना लिफ्ट असलेल्या गाड्या मागवाव्या लागल्या. त्या शहरात व्हीलचेअर चढणारी एकच गाडी आणि ती तुरुंगाकडे जाणारी, असा विनोद आंदोलकांत चाले.

हे सगळ्यांना रुचत होते असे नाही. १९८६ च्या शरद ऋतूत अडॅप्ट डेट्रॉइटला गेली. त्या शहरात रोझा पार्क्स राहत होत्या, १९५५ मध्ये मॉन्टगमरीच्या बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या. बसचाच प्रश्न, त्यांच्याहून योग्य पाहुणा कोण? त्यांनी आधी मोर्च्यात यायचे मान्य केले होते. ऐन वेळी पत्र आले की आंदोलनाच्या पद्धती पटत नसल्याने येणार नाही. अडॅप्टच्या लोकांना ते लागले. मॉन्टगमरीच्या काळ्या प्रवाशांना निदान मागच्या दाराने आत घेत होते, आम्हाला कुठल्याच दाराने नाही, असे ते म्हणत आले होते. अपंगांच्या इतर संस्थांमध्येही कुरबुर होती. वर्षानुवर्षे खासदारांच्या कचेऱ्यांत बसून कलमे घडवणाऱ्यांना वाटे, हे आडदांड लोक आपले केलेले काम मातीत घालतील. मला वाटते दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती आणि ते मान्य करायला दोन्ही बाजू तयार नव्हत्या. चळवळींत हे नेहमीचेच.

१९८९ च्या सप्टेंबरात अडॅप्टने अटलांटातली केंद्र सरकारची इमारत ताब्यात घेऊन रात्र आत काढली. त्याच महिन्यात अपंगांच्या हक्कांचे सर्वसमावेशक विधेयक सिनेटमध्ये ७६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाले. मग ते कनिष्ठ सभागृहात अडकले. एका समितीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. बससेवा, बसकंपन्या, व्यापारी, सगळ्यांच्या हरकती.

१२ मार्च १९९० रोजी शेकडो लोक व्हाइट हाउसपासून संसदेच्या इमारतीपर्यंत गेले. पश्चिम बाजूला संगमरवरी पायऱ्या आहेत, ७८. तिथे पोचल्यावर सुमारे ६० जणांनी व्हीलचेअरी सोडल्या, कुबड्या बाजूला टाकल्या आणि वर चढायला सुरुवात केली. कुणी कोपरांवर, कुणी पाठीवर उलटे बसून एकेक पायरी मागे सरकत. त्यांत जेनिफर कीलन ही आठ वर्षांची मुलगी होती, सेरेब्रल पाल्सी असलेली. डोक्याला रुमाल. लागेल तेवढी रात्र चढेन, असे ती म्हणाल्याचे वर्णन आहे. तिची छायाचित्रे देशभर छापली गेली. एका लहान मुलीला पायऱ्यांवर सरपटायला लावून दया मागायची का, असा प्रश्न तेव्हाही अपंग चळवळीतूनच विचारला गेला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र दयेचा काही संबंध उरला नाही. घुमटाखालच्या दालनात घुसलेल्या आंदोलकांना हलायला सांगितले, ते हलले नाहीत, आणि १०४ जणांना अटक झाली. मे महिन्यात विधेयक कनिष्ठ सभागृहात ४०३ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. २६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली.

या कायद्यातला बसविषयीचा भाग वाचताना कोलफॅक्सच्या चौकातला जुना हिशेब ओळीओळीत दिसतो. जुन्या बस मोडीत काढा असे तो म्हणत नाही. २५ ऑगस्ट १९९० नंतर मागवलेली प्रत्येक नवी बस व्हीलचेअर चढेल अशीच हवी, एवढेच म्हणतो. बसचे आयुष्य १२ वर्षे. मग थांबा, आपोआप होईल. घरी येणारी गाडीही द्यायला सांगितली, पण बसऐवजी नव्हे. ज्यांना बसने जाणे खरोखरच शक्य नाही त्यांच्यासाठी, बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात. पुढच्या नियमांमध्ये बर्फ-मिठाने शिकवलेला धडाही उतरला. लिफ्ट बिघडली तर चालकाने लगेच कळवायचे. दुरुस्त होईपर्यंत बस रस्त्यावर आणायची नाही, आणि बदली गाडीच नसेल तर मोठ्या शहरात फार तर तीन दिवस सवलत. पुढची बस अर्ध्या तासाहून उशिरा असेल तर त्या प्रवाशाची दुसरी सोय लावायची. असली कलमे ज्याला थांब्यावर सोडून बस निघून गेली आहे, त्यालाच सुचतात.

१९९० च्या दशकात खाली उतरलेल्या जमिनीच्या बस अमेरिकेत आल्या : रुंद दार, दारातून बाहेर पडणारी फळी. १९७९ मध्ये एकही निविदा न आलेली ट्रान्सबसची कल्पना दुसऱ्या नावांनी बाजारात विकली जाऊ लागली. डेन्व्हरने १९९४ मध्ये हलकी रेल्वे सुरू केली तेव्हा पहिल्या दिवसापासून फलाटाच्या पुढच्या टोकाला एक उंच चौथरा आणि त्यावर जायला उतार होता. पहिल्या डब्याचे दार बरोबर त्याच्यासमोर थांबते. बाबागाडीवाल्या आया, चाकाच्या बॅगा ओढणारेही तिथून चढतात.

रेल्वेचे चित्र सगळीकडे इतके सुबक नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची ४७२ स्थानके. त्यांतली बहुसंख्य आजही पायऱ्यांचीच. लांबलचक खटल्यांनंतर २०२२ मध्ये तडजोड झाली ती अशी की ९५ टक्के स्थानकांवर लिफ्ट किंवा उतार होतील २०५५ पर्यंत. बस बारा वर्षांत म्हातारी होते, भुयार होत नाही. जुन्या दगडाला कुणी आयुष्य ठरवून दिलेले नसते.

आणि आपण? भारताचा १९९५ चा अपंगांसाठीचा कायदा बस, रेल्वे, जहाज, विमान सगळ्यांबद्दल बोलत होता, पण ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवून. २०१६ च्या कायद्याची भाषा पुष्कळ कणखर झाली, तरी जुन्या वाहनांचा विषय आला की तांत्रिकदृष्ट्या शक्य, आर्थिकदृष्ट्या परवडणारे, असे शब्द पुन्हा डोके वर काढतात. अपील न्यायालयाने १९८१ मध्ये अमेरिकेत जे म्हटले त्याच घराण्यातले हे शब्द. मुंबईच्या लोकलला अपंगांचा डबा कित्येक वर्षांपासून आहे. तो फलाटावर कुठे येतो ते नेहमीच्या माणसाला पाठ असते. फलाटापर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न पुलाच्या जिन्यापाशी सुरू होतो. लिफ्ट आली आहे ती स्थानके आणि नाही ती स्थानके, असा नकाशा खुर्चीवरचे प्रवासी मनात घेऊन फिरतात.

वेड ब्लँकने कायद्यानंतरची जेमतेम अडीच वर्षे पाहिली. फेब्रुवारी १९९३ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्याचा मुलगा लिंकन लाटांत ओढला गेला. त्याला वाचवायला ब्लँक पाण्यात शिरला आणि दोघेही बुडाले.

तोवर अडॅप्टने आपला पुढचा विषय ठरवला होता. बसचे काम कायद्यात बसले होते. पण बसच्या थांब्यापर्यंत ज्यांना येताच येत नाही असे लाखो लोक देशभरच्या नर्सिंग होममध्ये होते, हेरिटेज हाउसमधल्या त्या विभागासारख्या विभागांत. सरकारी पैसा खाटेला मिळे, घरी येणाऱ्या मदतनिसाला मिळत नसे. संघटनेने नाव बदलले, आद्याक्षरे मात्र तीच ठेवली, जुने झेंडे आणि टी-शर्ट फुकट जाऊ नयेत म्हणून की काय कोण जाणे. ‘ॲक्सेसिबल पब्लिक ट्रान्झिट’च्या जागी आले ‘अटेंडंट प्रोग्रॅम्स टुडे’. मदतनीस द्या, आणि आज द्या. १९७५ मध्ये लेकवूडहून निघालेली १८ माणसे हेच मागत होती.